शस्त्र परवाना : कलेक्टरची मर्जी, कायद्याचे कलम आणि घरातली दुनळी

शिराळा तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याचे प्रश्न थोडक्यात असे आहेत. आजोबांच्या नावावर बारा बोअरची दुनळी होती. आजोबा गेल्या वर्षी वारले आणि बंदूक अजून घरातच आहे. त्यांना स्वतःसाठी रिव्हॉल्व्हरचा परवाना काढायचा आहे, पण तो निव्वळ कलेक्टरच्या मर्जीचा विषय असल्याचे गावात सगळे सांगतात. अमेरिकेत बंदूक बाळगणे हा नागरिकाचा हक्क आहे, मग आपल्याकडे का नाही, असा त्यांचा सवाल आहे. निवडणूक आली की पोलीस ठाण्यातून ‘बंदूक जमा करा’ असा फोन येतो, त्याला आधार काय? आणि उसात बिबट्या वावरतो, त्याचे काय करायचे? मी सांगलीत वकिली करतो, शस्त्र परवान्यांची प्रकरणे बरीच वर्षे हाताळत आलो आहे आणि स्वतःही परवानाधारक असून पॉइंट टू-टू रायफलने नेमबाजी करतो. प्रश्नांचा क्रम मी तसाच ठेवतो, कारण त्यातला पहिला या आठवड्यात निकाली काढण्याचा आहे.

परवाना बंदुकीला मिळत नाही, माणसाला मिळतो. आजोबा वारले त्या दिवशी त्यांचा परवाना संपला आणि त्यानंतर घरात असलेली बंदूक, कायद्याच्या नजरेत, विनापरवाना शस्त्र झाली. कपाटाला कुलूप आहे, काडतुसे संपलेली आहेत, घरातल्या कोणी तिला हातही लावलेला नाही, या गोष्टींनी त्यात काही फरक पडत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे असे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावे लागते. दोन्हींत निवड करायची झाली तर मी विक्रेता सुचवतो. तो महिन्याचे भाडे घेतो, पण नळीला तेल लावून ठेवतो. उलट पोलीस ठाण्याच्या कोठडीत शिराळ्याचा एक पावसाळा काढलेल्या दुनळीची अवस्था अनेकदा पाहवत नाही. जमा करताना मिळणाऱ्या पावतीवर बनावट, शस्त्राचा क्रमांक, नळ्यांची स्थिती आणि काडतुसांची संख्या लिहून घ्यावी. इतका उशीर झाला म्हणून घाबरून बंदूक विहिरीत टाकण्याचा किंवा पाहुण्याकडे ठेवण्याचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नये. मृत्यूच्या दाखल्यासह, सोबत लेखी अर्ज देऊन, स्वतःहून जमा केलेले शस्त्र आणि झडतीत सापडलेले शस्त्र यांच्याकडे पोलीस आणि न्यायालय एकाच नजरेने पाहत नाहीत.

जमा केल्यामुळे मालकी जात नाही. शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसाला परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे आणि त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती, इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र आणि शस्त्राचा तपशील लागतो. भाऊबंदकी इथेच आडवी येते. जमिनीच्या वाटपावर रुसलेला चुलता बंदुकीच्या ना-हरकतीवर सही करत नाही आणि दुनळी विक्रेत्याकडे वर्षानुवर्षे पडून राहते. याच नियमांत एक सोय आहे, तिचा उपयोग मात्र फार थोडी घरे करतात : परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र जवळ बाळगून २५ वर्षे झाली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, तो हयातीतच आपल्या पसंतीच्या वारसाच्या नावे परवाना मागू शकतो. आपल्याकडे ऐंशी ओलांडलेले आजोबा बंदूक नावावर ठेवतात, कारण ती दुसऱ्याच्या नावे केली की घरातले वजन कमी झाल्यासारखे त्यांना वाटते. त्याचा हिशेब पुढे नातवाला द्यावा लागतो. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारशाने आलेले शस्त्रही त्या दोनांतच धरले जाते. म्हणजे आजोबांची दुनळी तुमच्या नावावर आली, तर रिव्हॉल्व्हरनंतर तुमचा कोटा संपला.

आता हक्काचा प्रश्न. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली आलेल्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा उल्लेख हक्क म्हणून केला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तो व्यक्तीचा हक्क असल्याचे सांगितले आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याचा, बाहेर शस्त्र बाळगण्यासाठी खास कारण दाखवायला लावणारा, कायदा रद्द केला. आपल्या घटनेत असे कलम नाही, पण ते सुचलेच नव्हते असेही नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रज सरकारने इथल्या लोकांना परवान्याच्या दावणीला बांधले, याचा राग राष्ट्रीय चळवळीत खोलवर होता. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क, मूलभूत हक्कांच्या यादीत होता. संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरात हरी विष्णू कामत यांनी तो घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली; डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती नामंजूर झाली. कुंडलच्या परिसरात त्याच दशकात प्रतिसरकारची तुफान सेना विनापरवाना बंदुका घेऊन इंग्रजांशी लढली होती, त्यामुळे आपल्या भागाला या विषयाचा इतिहास नवा नाही. घटनेत शेवटी उरला तो कलम १९ मधला, शांततेने आणि ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचा हक्क. २०२३ च्या फेब्रुवारीत, उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना शस्त्रांच्या प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेशी हीच तुलना करून सांगितले की कायद्याने परवानगी दिल्याखेरीज बंदूक बाळगण्याचा मूलभूत हक्क इथे कोणालाही नाही.

त्यामुळे अर्जात ‘स्वसंरक्षण हा माझा मूलभूत हक्क आहे’ असे लिहून उपयोग होत नाही. स्वतःचा आणि मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे. तो काठीने, कोयत्याने, हातात येईल त्याने बजावता येतो, पण त्यातून बंदूक मिळवण्याचा हक्क उगवत नाही. दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर अमेरिकी वाद ऐकून आलेल्या अर्जदारांना मी हे पहिल्या भेटीतच सांगतो, कारण चुकीच्या जागी जोर लावल्यामुळे योग्य जागचा जोर कमी पडतो.

योग्य जागा म्हणजे शस्त्र अधिनियमाचे कलम १३ आणि १४. ‘कलेक्टरची मर्जी’ हे वर्णन अर्धेच खरे आहे आणि ज्यांनी ही दोन कलमे वाचलेली नसतात, त्यांच्याबाबतीत ते पूर्ण खरे ठरते. कलम १३ च्या पोटकलम ३ मध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत. नागरिकाला संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक हवी असेल, म्हणजे आपली नेहमीची बारा बोअर. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल. किंवा मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी बंदूक हवी असेल, तर परवाना प्राधिकाऱ्याने परवाना ‘द्यावा’ अशी कायद्याची भाषा आहे, अर्थात कलम १४ मधले अडथळे नसतील तर. याव्यतिरिक्त मागितलेले रिव्हॉल्व्हर, पिस्तूल, पॉइंट थ्री-वन-फाइव्हची रायफल हे सगळे दुसऱ्या वाटेवर येते. तिथे अर्जदाराजवळ सबळ कारण असल्याची प्राधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. न्यूयॉर्कने मागितलेले आणि तिथल्या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलेले ‘खास कारण’ आपल्याकडे कायद्याच्या पोटात आजही ठाण मांडून आहे, आणि आपल्या घटनेत दुसरी दुरुस्ती नसल्यामुळे ते तसे असण्याला हरकत घेता येत नाही.

नकाराची कारणे कलम १४ मध्ये आहेत : निषिद्ध शस्त्र मागितलेले असणे, अर्जदार कायद्याने अपात्र किंवा अन्य कारणाने अयोग्य असणे, किंवा सार्वजनिक शांतता अथवा सुरक्षिततेसाठी नकार आवश्यक वाटणे. याच कलमात दोन वाक्ये अशी आहेत, जी प्रत्येक अर्जदाराने पाठ करावीत. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. आणि नकार दिला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात व मागितल्यास त्यांचे थोडक्यात निवेदन अर्जदाराला द्यावे लागते. सार्वजनिक हिताला बाधा येईल असे वाटले तरच ते रोखता येते. सरकारची सत्ता इथे मोठी आहे, यात शंका नाही, पण ती तोंडी चालणारी सत्ता नाही. कलेक्टर कार्यालयातल्या गृह शाखेच्या खिडकीवर ‘साहेब सध्या परवाने देत नाहीत’ असे ऐकून परत येणारा माणूस आपला अर्धा कायदेशीर अधिकार तिथेच ठेवून येतो, कारण तोंडी नकारावर अपील होत नाही. अर्ज दाखल करावा, आवक क्रमांक घ्यावा आणि लेखी आदेशाची वाट पाहावी. आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांच्या आत पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे त्याच विभागात येतात. ‘शस्त्राची आवश्यकता दिसून येत नाही’ एवढ्या एका ओळीच्या आदेशावर बारा बोअरच्या प्रकरणात बोलायला बरेच काही असते. रिव्हॉल्व्हरच्या प्रकरणात तेवढे नसते.

म्हणून रिव्हॉल्व्हरबद्दल माझे मत स्पष्ट लिहितो. शिराळ्यात शेती करणाऱ्या माणसाच्या हातात घराच्या आणि गोठ्याच्या संरक्षणासाठी दुनळी अधिक उपयोगी आहे, तिचे काडतूस सहज मिळते, ती चुकून खिशातून पडत नाही आणि तिच्यासाठी कायदा तुमच्या बाजूला उभा आहे. कमरेला लावायचे शस्त्र आपल्या भागात संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेसाठी अधिक घेतले जाते, हे कोणी उघड बोलत नाही, पण पडताळणीला येणारा अधिकारी ते ओळखून असतो. तुमच्याजवळ खरे कारण असेल तर गोष्ट वेगळी. २०१६ च्या नियमांत व्यवसायाच्या किंवा कामाच्या स्वरूपामुळे जीविताला वा मालमत्तेला संरक्षणाची खरी गरज असलेले लोक, संरक्षण दलांत, केंद्रीय सशस्त्र दलांत वा राज्य पोलिसांत असलेले किंवा तिथून निवृत्त झालेले आणि तशी गरज असलेले लोक, तसेच दोन वर्षे क्लबचे सक्रिय सभासद असलेले नेमबाज यांचा विशेष उल्लेख आहे. रोकड घेऊन फिरत असाल तर बँकेचे उतारे, धमकी आली असेल तर पोलिसांत दिलेली तक्रार, घर वस्तीपासून दूर असेल तर तलाठ्याचा दाखला, असे कागद कारणाला वजन देतात. ‘राजकीय विरोधक वाढले आहेत’ हे वाक्य देत नाही.

प्रक्रियेत सगळ्यात जास्त अडकते ते पोलीस ठाण्यावर. जिल्हाधिकारी हे जिल्हादंडाधिकारी म्हणून परवाना देतात, पण अर्ज आधी ठाण्यात जातो, तिथून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आणि अधीक्षकांकडे, आणि परत येतो. नियमांप्रमाणे पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो मिळाल्यापासून ६० दिवसांत प्राधिकाऱ्याने निर्णय करायचा असतो. पोलिसांचा अहवाल मुदतीत आला नाही, तर त्यासाठी न थांबता आदेश करण्याची मुभा प्राधिकाऱ्याला कायद्यानेच दिलेली आहे. हे कलम आपणहून कोणी वापरत नाही, म्हणून मुदत उलटल्यावर त्याचा उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे. बांधावरच्या भांडणातून दाखल झालेला गुन्हा हा अहवाल बिघडवणारा नेहमीचा खडा आहे. प्रकरण निकाली निघाले असेल तर निकालाची प्रत सुरुवातीलाच जोडावी. प्रलंबित असेल तर ते लपवू नये, कारण अर्जातील खोटी माहिती हे मिळालेला परवाना रद्द होण्याचे स्वतंत्र कारण आहे. वय २१ पूर्ण हवे, वैद्यकीय प्रमाणपत्र हवे आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही हवे. परवाना आता पाच वर्षांचा असतो आणि त्याला राष्ट्रीय नोंदीतला एकमेव क्रमांक लागतो. आजोबांच्या जुन्या पुस्तकावर तो नसेल, तर वारसाच्या अर्जातच त्याबाबत विचारणा करून घ्यावी. अपशिंग्यासारख्या, घरटी सैनिक असलेल्या साताऱ्याच्या गावांत दुसरी अडचण दिसते. नोकरीच्या ठिकाणी, दुसऱ्या राज्यात काढलेला परवाना घेऊन जवान निवृत्त होतो आणि इथल्या जिल्हा कार्यालयात कधी नोंदच करत नाही. पुढे सुरक्षारक्षकाची नोकरी लागताना पडताळणीत ते उघडे पडते.

निवडणुकीच्या फोनचा आधार असा आहे. आचारसंहितेच्या काळात शस्त्रे जमा करण्याची पद्धत जुनी आहे, आणि पूर्वी ती सरसकट होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये, गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात, ती सरसकट पद्धत मोडून काढली आणि छाननीचा आग्रह धरला. निवडणूक आयोगाच्या सूचना त्याला धरून आहेत. त्याप्रमाणे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती परवाने तपासते. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सापडलेले असे लोक त्यात प्राधान्याने येतात आणि ज्याचे शस्त्र जमा करायचे त्याला नोटीस दिली जाते. राष्ट्रीय रायफल संघटनेचे स्पर्धक नेमबाज यांना सवलत आहे. निकालानंतर आठवडाभराने शस्त्र परत मिळायचे असते. प्रत्यक्षात मात्र ठाण्यातला हवालदार यादी समोर ठेवून सगळ्यांना फोन लावतो, कारण त्याला ते सोपे जाते. आपल्याकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा अशी रांग लागलेली असते, त्यामुळे काही दुनळ्या घरापेक्षा ठाण्यातच जास्त नांदतात. फोन आला तर हुज्जत न घालता लेखी नोटीस मागावी. नोटीस मिळाली तर तिच्यातल्या मुदतीत जमा करावे आणि हरकत असेल तर ती नंतर समितीकडे लेखी मांडावी. आदेश मोडून भांडण्यात शहाणपण नाही, कारण मोडलेला आदेश हेच पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी तुमच्याविरुद्धचे कारण होते.

रोजच्या जगण्यातल्या ज्या गोष्टींनी परवाने जातात, त्या बहुतेक साध्या असतात. खंडेनवमीला बंदुकीची पूजा करण्याला कोणाची हरकत नाही, पण पूजेनंतर ती मेहुण्याच्या हातात देऊन काढलेले आणि सगळीकडे पाठवलेले चित्र थेट ठाण्यात पोचते. परवाना नसलेली व्यक्ती तुमचे शस्त्र तुमच्यासमक्ष किंवा तुमच्या लेखी अधिकारपत्राने, दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा तुमच्या वापरासाठी नेऊ शकते, हौसेसाठी नाही. वरातीत हवेत बार काढणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत, आणि कोणाला इजा झालीच पाहिजे अशी अट नाही. सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर म्यानात आणि दुनळी पिशवीत असावी. परवाना जिल्ह्यापुरता आहे की राज्यभराचा, हे पाहिल्याशिवाय पंढरपूरच्या किंवा बेळगावच्या प्रवासाला शस्त्र नेऊ नये. बेळगाव तर दुसरे राज्य आहे आणि मिरजेहून निघालेल्या माणसाला ते पुष्कळदा लक्षात राहत नाही.

शस्त्राची ओढ खरोखरच असेल तर नेमबाजीची वाट जरूर विचारात घ्यावी. ०.१७७ इंचापर्यंतच्या बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय, ओळखपत्र दाखवून घेता येते. शेजारच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून कराड-सांगलीकडची मुलेही या खेळाची चौकशी करू लागली आहेत. या वाटेवर तुम्ही हळूहळू कलम १३ च्या ‘द्यावा’ या बाजूला पोचता आणि हात स्थिर होतो तो फायदा वेगळाच.

उरला बिबट्या. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे वन्यप्राण्याला गोळी घालण्याची परवानगी नव्हे. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. अंगावर धावून आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना सद्हेतूने ते मेले तर कायदा तो गुन्हा मानत नाही, पण उसाच्या फडाच्या कडेला दबा धरून केलेला बार या सवलतीत बसत नाही. गवा आणि रानडुक्कर यांच्याबाबतही वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय बंदूक उचलू नये. नुकसानभरपाईचा अर्ज आणि पिंजऱ्याची मागणी ही इथली खरी हत्यारे आहेत, ती कितीही संथ असली तरी. तुमच्यासाठी आणखी महत्त्वाचे आहे ते याच अधिनियमाचे कलम ३४. अभयारण्याच्या आत किंवा त्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव वनखात्याकडे नोंदवावे लागते आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही हे कलम लागू आहे. शिराळ्याची पश्चिमेकडची गावे चांदोली राष्ट्रीय उद्यानामुळे आणि पाटणची बरीच गावे कोयना अभयारण्यामुळे या पट्ट्यात येतात, पण देवराष्ट्रे-कुंडलच्या बाजूला राहणाऱ्यांना, छोट्याशा सागरेश्वर अभयारण्यामुळे आपणही त्यात असू शकतो, याचा पत्ता नसतो. अनेक अर्ज गृह शाखेत याच संमतीवाचून पडून असतात आणि अर्जदार इकडे पोलिसांना दोष देत बसतो. तेव्हा वारसाचा अर्ज करण्याआधी तुमचे गाव चांदोलीच्या हद्दीपासून किती अंतरावर आहे, याचा दाखला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडून घ्या आणि तो पहिल्याच दिवशी अर्जाला जोडा.